गॅलरीखालचा उजेड

मागच्या लेखात इन्व्हर्टरच्या बॅटरीबद्दल लिहिलं होतं. त्यावर निरोप बरेच आले, पण निम्म्यांत बॅटरीचा विषयच नव्हता. "भाऊ, कानबाई जवळ आली, ओट्यावर गॅलरीखाली दोन-तीन चांगले दिवे बसवायचेत, कोणते घेऊ?" हाच प्रश्न फिरून फिरून आला. डिंडोलीत वायरमनचं काम करताना आषाढ लागला की मला रस्त्यातही हेच विचारतात. तेव्हा या वेळी तोच विषय घेतो. फक्त "कोणता दिवा" हा प्रश्न मी मुद्दाम शेवटाकडे ठेवणार आहे, कारण त्यात चुकलं तर पाच-पन्नास रुपये जातात. आधीच्या गोष्टींत चुकलं तर माणूस जातो.

आपल्या भागातली घरं सगळ्यांनाच माहीत आहेत. डिंडोली असो, नवागाम असो की लिंबायत, बारा-पंधरा फुटांचं तोंड, पुढे ओटा, त्याच्यावर पहिल्या माळ्याची तीन-चार फूट गल्लीत आलेली गॅलरी आणि बाजूने वर जाणारा लोखंडी जिना. वर एक-दोन भाडेकरू. आत जागा कमी, म्हणून ओटा हीच घराची दुसरी खोली. दुपारी साड्यांचे गठ्ठे येतात, मग बाया तिथेच बसून स्टोन चिकटवतात, लेस लावतात, धागे कापतात. संध्याकाळी पोरं दप्तर उघडतात. लूमच्या खात्यावर रात्रपाळीला जाणारा माणूस तिथेच बूट घालतो. आणि नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसली की रात्रभर जागरणाची माणसं तिथेच. एवढं सगळं ज्या जागेत होतं, तिथे बहुतेक घरांत दाराच्या चौकटीवर होल्डरला लोंबणारा एक बल्ब असतो.

आता पाणी. गॅलरीखालचा भाग वरून झाकलेला दिसतो, म्हणून लोक त्याला घराच्या आतल्यासारखं धरतात. तो आत नाही. वरच्या वहिनी रोज गॅलरी धुतात, कपडे पिळून तारेवर टाकतात, तुळशीला आणि कुंड्यांना पाणी घालतात. पावसाळ्यात तर विचारायलाच नको. हे पाणी स्लॅबच्या कडेवरून खाली येतं आणि सरळ पडून जातं असं आपल्याला वाटतं, पण पाणी स्लॅबच्या पोटाला धरून आत सरकतं. चांगल्या गवंड्याने स्लॅबच्या खालच्या बाजूला कडेजवळ बोटभर रुंद खाच ठेवलेली असते, तिथे येऊन थेंब तुटतो. ती खाच नसली किंवा रंगाच्या थरांनी बुजली असली, तर पाणी हळूहळू दिव्यापर्यंत पोचतं आणि स्क्रूच्या भोकातून दिव्याच्या पाठीत शिरतं. पुढून काच कोरडी, मागे पाणी भरलेलं. असे दिवे मी उतरवले की हातावर ओंजळभर पाणी सांडतं.

म्हणून दिवे आणायच्या आधी एक मोठा पाऊस जाऊ द्या. तो थांबला की शिडी लावा आणि गॅलरीचं पोट नीट बघा. ओलं कुठे आहे, थेंब कुठे लटकतो, पांढरा खार कुठे फुलला आहे, त्या जागा पेन्सिलीने आखा. पांढरा खार म्हणजे तिथून पाणी स्लॅबच्या आतून येतंय. तिथे भोक पाडायचं नाही. पाऊस नसेल तर वर दोन बादल्या ओता आणि अर्धा तास थांबा. आखलेल्या जागा सोडून, कडेपासून निदान हातभर आत, भिंतीच्या बाजूला दिव्याची जागा धरा.

अमेरिकेत असलेल्या आपल्या एका वाचकांनी विचारलं होतं की त्यांच्या घरामागे लाकडी डेक आहे, त्याच्याखाली दिवे लावायचेत, तर हेच लागू पडतं का. पाण्याचं सगळं लागू पडतं, उलट जास्तच, कारण डेकच्या फळ्यांमध्ये फटी असतात आणि पाऊस सरळ खाली येतो. तिथे आधी फळ्यांखाली पाणी गोळा करून बाहेर सोडणारी पत्र्याची किंवा प्लास्टिकची पन्हळ करतात आणि मग तिच्याखाली दिवे लावतात. बाकी तिथली वायरिंगची पद्धत आणि परवानग्या वेगळ्या, त्या तिथल्याच माणसाला विचाराव्या.

आपल्या गॅलरीचा एक धोका मात्र त्या डेकला नाही. आपली गॅलरी खांबावर नाही, ती घराच्या स्लॅबमधून बाहेर काढलेली आहे. अशा लटकत्या स्लॅबचं ओझं पेलणारं मुख्य लोखंड वरच्या बाजूला असतं, कारण वाकताना ती वरून ताणली जाते. काही लोक वायर दिसायला नको म्हणून वरच्या लादीखालून झिरी मारून घेतात. हे कधीही करू देऊ नका. कटर त्या लोखंडावर फिरला की गॅलरीची ताकदच कापली जाते, शिवाय पाण्याला आयती नाली मिळते. खालून पाईप दिसला तर दिसू द्या. खालच्या बाजूनेही झिरी नको, फक्त गिट्टी बसेल एवढं दीड इंचाचं भोक. ड्रिलला लोखंड लागलं तर जोर न करता दोन बोटं सरकून दुसरं भोक घ्या. स्लॅबचे पापुद्रे निघून गंजलेली सळई उघडी पडली असेल, तर दिव्याचं काम थांबवा आणि आधी गॅलरीचं बघा. अशा गॅलरीखाली चाळीस माणसं जागरणाला बसवणं बरं नाही.

वायर तांब्याची, दीड चौरस मिलिमीटरची, पुड्यावर आयएसआयची खूण आणि आयएस ६९४ लिहिलेली. तीन वायरी हव्यात. फेज, न्यूट्रल आणि हिरवी अर्थिंगची. "दिव्याला कशाला अर्थिंग?" असं दुकानदारही म्हणतो. दिव्याचं अंग धातूचं असेल तर लागतंच, आणि आज प्लास्टिकचा दिवा लावला तरी उद्या तिथे पंखा येणार आहे, हे मी अनुभवाने सांगतो. वायर पाईपमधून न्या, जोड फक्त झाकणाच्या डबीत. टेप गुंडाळून पाईपमध्ये ढकललेला जोड पहिला पावसाळा काढतो, दुसरा काढत नाही. दिव्यात किंवा डबीत शिरण्याआधी वायरीला खाली पोट द्या, म्हणजे तिच्यावरून आलेलं पाणी त्या पोटावरून टपकून जाईल, आत शिरणार नाही. एवढ्याशा वाकाला काही पैसे पडत नाहीत आणि बहुतेक ठिकाणी नेमका तोच नसतो.

स्विच घराच्या आत, दाराजवळ ठेवा. आणि स्विच फेजवरच हवा. जुन्या घरांत फेज-न्यूट्रल उलटे झालेले खूप सापडतात. दिवा बंद होतो, पण दिव्यापर्यंत फेज तसाच जिवंत राहतो. बंद केल्यावरही एलईडी रात्री मंद जळत असेल तर हे एक कारण असू शकतं. स्विचमधल्या लाल इंडिकेटरनेही तसं होतं, पण कारण कोणतं हे तपासून घ्या. बल्ब बदलायला शिडीवर चढणारा माणूस स्विच बंद आहे एवढंच बघतो.

आता त्या लोखंडी जिन्याकडे येतो. या लेखात मला खरं सांगायचं आहे ते इथे आहे.

जिना, गॅलरीची ग्रिल, कपड्यांची तार हे सगळं लोखंड एकमेकांना जोडलेलं असतं. वायर जिन्याच्या कठड्याला चिंधीने बांधून वर नेलेली असते. वाऱ्याने ती घासते, वरचं प्लास्टिक झिजतं, आणि एके दिवशी पूर्ण जिना, ग्रिल आणि तार असं सगळंच जिवंत होतं. कोरडं असताना पायात चप्पल असते, काही कळत नाही. पावसात ओल्या ओट्यावर अनवाणी उभी राहून कोणी कठड्याला हात लावतं किंवा तारेवर ओली साडी टाकतं, आणि झालं. दर पावसाळ्यात वर्तमानपत्रात अशा बातम्या येतात. एक जण चिकटला, त्याला ओढायला दुसरा गेला, असं दोघंही गेल्याचं आपण वाचतो आणि पान उलटतो.

"आमच्याकडे एमसीबी आहे" हे उत्तर मला रोज मिळतं. एमसीबी वायरीसाठी असते, माणसासाठी नसते. हिशोब बघा. शरीरातून १ मिलिॲम्पिअर गेला की झिणझिण्या येतात. १० च्या आसपास स्नायू आखडतात आणि पकडलेलं सुटत नाही. ३० च्या पुढे श्वास आणि हृदयाचा धोका सुरू होतो. ९ वॅटचा साधा एलईडी बल्ब २३० व्होल्टवर निदान ४० मिलिॲम्पिअर घेतो. म्हणजे त्या छोट्या बल्बला लागतो तेवढा प्रवाह माणसाला मारू शकतो. आणि दिव्यांच्या लाईनची एमसीबी असते ६ ॲम्पिअरची, म्हणजे ६००० मिलिॲम्पिअरची. माणूस चिकटलेला असताना ती पडायचं काहीच कारण नाही. तिच्या दृष्टीने एक बल्ब वाढला.

माणसासाठी असते ती आरसीसीबी, जिला जुने लोक ईएलसीबी म्हणतात. फेजमधून गेला तेवढा प्रवाह न्यूट्रलमधून परत येतोय का, हे ती सतत मोजत असते. मधे कुठे गळती झाली, जिन्यातून असो की माणसातून, आणि फरक ३० मिलिॲम्पिअरला पोचला, की डोळ्याची पापणी लवायच्या आत लाईन तोडते. अमेरिकेत बाहेरच्या प्लगना यासाठी जे साधन असतं ते ५ मिलिॲम्पिअरच्या आसपासच तोडतं. आपल्याकडे घरासाठी ३० ची घ्या. दुकानात १०० आणि ३०० च्याही मिळतात, त्या आग टाळायला असतात, माणूस वाचवायला नाहीत. अंगावर ३० एमए लिहिलेलं वाचूनच पैसे द्या. किंमत म्हणाल तर लग्नात नेसायची एक बरी साडी येते त्याच्या आतबाहेर. महिन्यातून एकदा तिच्यावरचं टी लिहिलेलं बटण दाबायचं. पडली तर ठीक, नाही पडली तर बदलायची. एक मात्र ध्यानात ठेवा. एका हाताने फेज आणि दुसऱ्याने न्यूट्रल धरला तर तिलाही कळत नाही, कारण गेलं तेवढं परत येतंय.

आरसीसीबी बसवली की पहिल्या पावसात ती वारंवार पडते. मग घरमालकाचा फोन येतो, "हे नवीन काढून टाक, जुनंच बरं होतं." तिच्या पडण्याचा अर्थ गळती आधीपासून होती आणि आता दिसायला लागली. ती शोधायची असते. एकेक लाईन बंद करून बघितली की बहुतेक वेळा गच्चीवरच्या मोटरीच्या प्लगमध्ये किंवा जिन्याजवळच्या एखाद्या टेप लावलेल्या जोडात सापडते.

अर्थिंगबद्दलही थोडं. आपल्याकडची जमीन काळी, उन्हाळ्यात भेगाळते आणि अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो, तेव्हा त्यात अधूनमधून पाणी घालावं लागतं. त्याहून वाईट म्हणजे अर्थिंगच नाही म्हणून बोर्डमध्ये न्यूट्रललाच अर्थ जोडून देणारे कारागीर. काम चालतं, टेस्टर काही दाखवत नाही. पण बाहेर खांबाकडून न्यूट्रल तुटला, तर फ्रिजपासून गॅलरीखालच्या दिव्यापर्यंत प्रत्येक धातूच्या अंगावर करंट येतो. तुमच्या घरात असं केलेलं आहे का, हे वायरमनला स्पष्ट शब्दांत विचारा. आणि दिवे, पाईप, झालर यांतलं काहीही जिन्याच्या लोखंडावर बांधू नका. भिंत आहे, स्लॅब आहे, तिथून न्या. दुसरा रस्ताच नसेल तर ते लोखंड आधी पक्क्या अर्थिंगला जोडून घ्या.

एवढं झालं की मग दिवा. खोक्यावर आयपी आणि पुढे दोन आकडे असतात. पहिला धुळीचा, दुसरा पाण्याचा. घरातल्या ट्यूबवर बहुधा आयपी २० असतं, म्हणजे पाण्यापासून शून्य बचाव. गॅलरीखाली आयपी ६५ चा गोल किंवा लांबट बंद दिवा घ्या, पाण्याचा फवारा आला तरी तो सोसतो. भिंतीवर बसवत असाल तर वरच्या आणि दोन्ही बाजूंच्या कडेला सिलिकॉन लावा, खालची कडा उघडी ठेवा. चारही बाजू बंद केल्या की आत जमलेला घाम बाहेर पडत नाही.

जागा कशी धरायची, ते मला आमच्या गल्लीतल्या एका मावशींनी शिकवलं. स्टोनचं काम करतात, नजर आता कमी झालीय. त्यांच्याकडे गॅलरीच्या पुढच्या कडेला मोठा फ्लड लाईट होता, सगळी गल्ली उजळायची. मी म्हणालो, एवढा उजेड आहे, मग तक्रार काय? त्या म्हणाल्या, "उजेड डोयासमा येस रे भाऊ, कामवर येत नही." बायका भिंतीला पाठ टेकून, तोंड गल्लीकडे करून बसतात. दिवा पुढे असला की तो डोळ्यात जातो आणि मांडीवरची साडी अंधारात राहते. शिवाय समोरच्या घरात पहाटेच्या पाळीला उठणारा माणूस झोपलेला असतो, त्याच्या खिडकीत तो उजेड रात्रभर. तो लाईट काढून आम्ही १० वॅटचे दोन दिवे भिंतीजवळ, बसणाऱ्याच्या डोक्याच्या थोडं मागे आणि डाव्या अंगाला लावले. उजव्या हाताने काम करणाऱ्याला डावीकडचा उजेड बरा, हाताची सावली कामावर पडत नाही. डावखुऱ्यांनी उलटं करावं.

अंतराचंही बघा. दिवा दुप्पट लांब गेला की उजेड निम्मा होत नाही, साधारण चौथाई होतो. म्हणून वर एक मोठा दिवा लावण्यापेक्षा भिंतीवर पाच-साडेपाच फुटांवर दोन छोटे लावले तर सुईला जास्त उजेड मिळतो. धाग्याचा आणि स्टोनचा रंग जुळवायचा असेल तर खोक्यावर सीआरआय बघा, ८० च्या खाली नको, ९० मिळाला तर फार चांगलं. खराब दिव्याखाली मोरपंखी आणि हिरवा एकच दिसतो, आणि माल परत आला की मजुरी कापली जाते बाईची. कामासाठी पांढरा उजेड, बसायला-गप्पांना पिवळसर, असे दोन स्विच ठेवले तर उत्तम. पावसाळ्यात पिवळसर दिव्यावर पाखरंही कमी येतात, आणि पाखरं कमी म्हणजे पाली कमी.

जिन्याच्या पायरीवरही एक दिवा द्या. घरमालक आणि भाडेकरू यांच्यात त्याचं बिल कोणी भरायचं यावरून वर्षानुवर्षं अंधार राहतो. ९ वॅटचा दिवा रोज ५ तास लावला तर महिन्याला दीड युनिटही जळत नाही. यावर भांडण करण्यासारखं काही नाही.

राहिली कानबाईची सजावट. साध्या झालरी सरळ २३० व्होल्टवर चालतात, त्यातला एक दिवा फुटला तरी उघडी तार हाताला लागते. पट्टीचे दिवे घेत असाल तर १२ व्होल्टचे घ्या, त्याचा ॲडॉप्टर घराच्या आत कोरड्यात ठेवा आणि बाहेर फक्त पट्टी काढा. इथे बाजारात एक फसगत आहे. २३० वाल्या पट्टीच्या प्लगलाही छोटी डबी असते, पण ती व्होल्टेज उतरवत नाही, एसीचं डीसी करते एवढंच. डबी दिसली म्हणून बारा व्होल्ट समजू नका, डबीवर आउटपुट काय लिहिलंय ते वाचा. १२ ची पट्टी एका दमात पाच मीटरच्या पुढे नेली की टोकाला मंद पडते, म्हणून लांब ओट्यासाठी दोन तुकड्यांना मधून वीज द्या. मंडपाचं कापड, अगरबत्ती आणि समईपासून वायर लांब ठेवा. वरच्या भाडेकरूच्या खिडकीतून एक्स्टेंशन लोंबवू नका. आपल्याच आरसीसीबीच्या मागे सगळं जोडा.

कोणाला करंट लागलाच तर हात लावायचा नाही. आधी मेन बंद करायचा. मेन लांब असेल तर कोरड्या लाकडाने किंवा प्लास्टिकच्या खुर्चीने त्याला सोडवायचं. मग १०८. मेन स्विच कुठे आहे हे घरातल्या दहा वर्षांच्या पोरालाही माहीत हवं, आज संध्याकाळीच दाखवून ठेवा.

सोमवारी विसर्जन करून आलात की झालरी त्याच दिवशी उतरवा. "गणपतीला लागतीलच" म्हणून त्या तशाच राहतात, मग "नवरात्र आलंच", मग दिवाळी. तोवर उन्हा-पावसाने वायर कडक होऊन तडकलेली असते. उतरवताना स्विच नव्हे, मेन बंद करा. गुंडाळी खोक्यात ठेवा आणि खोक्यावर यंदाचं साल लिहा. तीन वर्षांची झालेली झालर पुढच्या कानबाईला बांधू नका.

पुढच्या लेखात गच्चीवरची पाण्याची मोटर. तिच्याबद्दलचे तुमचे प्रश्न पाठवून ठेवा.